ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याचं कसं ऐकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, घरसभेनंतर चहा घेताना, कुणाच्या घरी भेटीला जाताना हे प्रश्न पुन्हापुन्हा निघतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतोय. कोल्हापूरच्या मंडळ्यांतली माणसं डोळ्यासमोर आहेत, पण तुम्ही इचलकरंजी, गडहिंग्लज, मिरज कुठलेही असा, काम येईल. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

ऐकणं ही काय शिकायची गोष्ट आहे का? कान तर सगळ्यांनाच आहेत.

शिकायचीच गोष्ट आहे. आपल्याकडे संडे स्कूलपासून बोलायला शिकवतात, वचन पाठ म्हणायचं, साक्ष द्यायची, तरुण संघात गेलं की प्रार्थना चालवायची, पुढं मोठं झालं की उपदेश करायचा, आणि हे सगळं चांगलंच आहे, पण ऐकायला कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळं होतं काय की विश्वासात जुना झालेला माणूस बोलण्यात एकदम तयार होतो आणि समोरचा दोन वाक्यं बोलला की त्याच्या तोंडात उत्तर तयार असतं. समोरच्याचं तिसरं वाक्य, जे खरं सांगायचं होतं, ते राहूनच जातं.

बायबलमध्ये याबद्दल नेमकं काय आहे?

सगळ्यांना पाठ असलेलं वचन म्हणजे याकोब १:१९, प्रत्येक माणूस "ऐकावयास तत्पर, बोलावयास मंद, रागास मंद असावा". नीतिसूत्रे १८:१३ त्याहून कडक आहे, ऐकून घ्यायच्या आधीच जो उत्तर देतो त्याला तिथं सरळ मूर्ख म्हटलंय. पण मला वाटतं वचनांच्या यादीपेक्षा प्रभू येशू माणसांशी कसं वागला ते बघावं.

यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता (मार्क १०). आंधळ्याला काय पाहिजे हे कुणीही सांगेल, तरी येशूने त्याला जवळ बोलावून विचारलं की मी तुझ्यासाठी काय करू. बेथेस्दाच्या तळ्यावर ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला विचारलं, तुला बरं व्हायचंय का (योहान ५). तो माणूस सरळ "हो" म्हणत नाही, मला पाण्यात सोडायला कोणीच नाही असं सांगतो, म्हणजे आजारापेक्षा त्याचं एकटेपण आधी बाहेर येतं. प्रश्न विचारलाच नसता तर हे आलं असतं का?

आणि मार्क ५ तर प्रत्येक भेटीला जाणाऱ्याने वाचून जावं. याईराची १२ वर्षांची मुलगी मरायला टेकलीय, येशू घाईत निघालाय, गर्दी अंगावर पडतेय, आणि १२ वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून येऊन त्याच्या कपड्याला हात लावते. ती बरी झालेली होती. काम झालं होतं. तरी येशू थांबला आणि कोण ते बघत राहिला, आणि त्या बाईने भीत भीत पुढं येऊन "सगळं खरं खरं" सांगितलं. १२ वर्षांचं सगळं खरं खरं सांगायला किती वेळ लागला असेल विचार करा, बाजूला याईर उभा आहे, शिष्य वैतागलेत, आणि प्रभू ऐकतोय. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप पण आला. ज्याच्याकडं कामाची इतकी घाई होती त्याने एका बाईचं बोलणं मध्येच तोडलं नाही, आणि याईराच्या घरीही तो गेलाच.

कुणी दुःख सांगितलं की लगेच वचन सांगायचं नाही का? वचनात सामर्थ्य आहे की.

वचनात सामर्थ्य आहे यात शंकाच नाही. पण वचन कधी सांगतो आणि का सांगतो हे तपासायला पाहिजे. बऱ्याचदा समोरच्याचं रडणं आपल्याला सहन होत नाही, काय बोलावं कळत नाही, मग रोम ८:२८ पुढं करतो, "देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात", आणि बोलणं तिथंच संपतं. तो माणूस मान हलवतो, "होय ब्रदर" म्हणतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला काही सांगत नाही. ज्याच्या तोंडावर वचन ठेवलं त्याला असं वाटतं की अजून दुःख सांगितलं तर आपला विश्वास कमी आहे असं म्हणतील.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट आहे म्हणजे बघा. पाणी ओसरल्यावर गावागावात मदत घेऊन लोक गेले, मंडळ्यांमधून पण गेले, आणि बऱ्याच घरांत एकच वाक्य ऐकवलं गेलं, "जीव वाचला ना, देवाचे आभार माना". खोटं नव्हतं. पण एक मावशी चिखलात उभं राहून भिजलेल्या शिलाई मशीनबद्दल सांगत होत्या, मशीन कुणी घेऊन दिलं, त्यावर पोरांच्या फीचे पैसे कसे काढले, पाणी शिरलं तेव्हा ते उचलून माळ्यावर ठेवायला घरात कुणी गडी नव्हता. त्यांना आभार मानायचेच होते, पण आधी मशीनचं सांगायचं होतं. त्यांचं पूर्ण ऐकून घेतल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "देवानं राखलं बघ." ते वाक्य त्यांच्या तोंडून यायला पाहिजे होतं, आणि आलं.

नीतिसूत्रे २५:२० मध्ये लिहिलंय की दुःखी मनाच्या माणसापुढं गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणं. बायबलच सांगतंय की चांगली गोष्ट चुकीच्या वेळी दिली तर मनाला लागते.

मग प्रार्थना कधी करायची?

बोलणं संपल्यावर. आणि संपलं का हे विचारून, "अजून काही सांगायचंय का?" हा एक प्रश्न विचारा आणि थांबा. खूपदा खरं दुखणं या प्रश्नानंतरच येतं.

आपल्याकडं "चला, प्रार्थना करूया" हे वाक्य भेट संपवायची खूण होऊन बसलंय. घड्याळात साडेआठ झाले, अजून दोन घरं करायचीत, मग डोळे मिटा. मला हे मनापासून खटकतं, कारण प्रार्थना ही देवाशी बोलायची जागा आहे, माणसाला गप्प करायला ती वापरू नये. नीट ऐकलेलं असलं की प्रार्थनाही बदलते, "प्रभू, या कुटुंबाला आशीर्वाद दे" एवढंच न म्हणता त्या बाईच्या मशीनचं नाव घेऊन, पोराच्या बारावीचं नाव घेऊन, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन प्रार्थना होते आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपलं बोलणं पोचलं. प्रार्थना करू का हेही विचारावं, एखाद्याला त्या दिवशी नको असते, रागावू नये.

काहीच सुचत नसेल तर नुसतं गप्प बसलं तर चालतं का?

चालतं. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याला भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं (ईयोब २:१३). तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. ईयोबाने बोलायला सुरुवात केली, जन्माचा दिवस शापला, आणि ते त्यांना ऐकवेना, मग त्याचं पाप शोधायला लागले, शिकवायला लागले. पुढं ईयोबाला त्यांना त्रास देणारे सांत्वनकर्ते म्हणावं लागलं (१६:२), आणि शेवटी देवाने अलीफजला सांगितलं की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर पेटलाय, ईयोबासारखं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

यातलं एक आपल्या लक्षात येत नाही. त्या मित्रांची बरीच वाक्यं ऐकायला धार्मिक आणि बरोबर वाटतात, त्यातली कितीतरी उपदेशात चालून जातील. देवाची बाजू घ्यायच्या नादात त्यांनी मित्राला एकटं पाडलं.

मयताच्या घरी गेलात तर बसा, हात धरा, पाणी द्या. "कसं झालं?" एवढं विचारलं तरी पुरे, पण प्रत्येक येणाऱ्याने तेच विचारलं की घरच्यांना तेच तेच सांगावं लागतं, म्हणून आधी कुणीतरी विचारलेलं असेल तर गप्प बसलेलं बरं.

"मला पण असंच झालेलं" असं सांगितलं तर समोरच्याला बरं वाटतं ना?

कधीकधी वाटतं. पण बहुतेक वेळा काय होतं, तो सांगतो आमच्या अण्णांना सीपीआर दवाखान्यात ॲडमिट केलंय आणि आपण सुरू होतो, आमच्या मामांचं पण असंच, मग मामांचा दवाखाना, मामांचे डॉक्टर, मामांचं बिल, आणि दहा मिनिटांनी तोच आपल्या मामांची चौकशी करतोय. आपला अनुभव सांगायचाच असेल तर त्याचं संपल्यावर, दोन वाक्यांत, आणि परत त्याच्याकडं वळायचं. "तुमच्या अण्णांना आज कसं वाटतंय?"

सल्ला मागितला तर तरी द्यायचा की नाही?

मागितला तर द्या. पण लोक "काय करू सांगा" म्हणतात तेव्हा दर वेळी सल्लाच पाहिजे असतो असं नाही, काहींना फक्त हतबलता सांगायची असते. म्हणून आधी विचारा, "तुला स्वतःला काय वाटतंय?" माणसाच्या मनातला विचार खोल पाण्यासारखा असतो आणि समजदार माणूस तो बाहेर काढतो असं नीतिसूत्रे २०:५ मध्ये आहे, म्हणजे त्याच्याच मनातलं बाहेर काढायचं, आपलं त्यात ओतायचं नाही. पैशाचा, कोर्टाचा, औषधाचा सल्ला आपल्याला माहीत नसेल तर सरळ वकिलाकडं, डॉक्टरकडं पाठवा. बीपीची गोळी बंद करून विश्वास ठेवा असं कुणी कुणाला सांगू नये, कृपा करून.

घरच्यांचं ऐकायला जमत नाही. बाहेर चार लोक म्हणतात तुम्ही किती छान ऐकता आणि बायको म्हणते माझं कधीच ऐकत नाही.

हा प्रश्न पुरुषांकडून येतो आणि फार प्रामाणिक प्रश्न आहे. बाहेरच्याचं ऐकताना आपण सेवा करतोय असं वाटतं, घरात दमून आलेलो असतो, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं ड्युटी करून आलेला माणूस, हातात मोबाईल, "हं, हं, बोल की" चालू असतं. बायकोला कळतं की हे "हं" कुठल्या रीलला आहे आणि कुठलं आपल्याला.

करायचं एवढंच, जेवणानंतर थोडा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. कौटुंबिक प्रार्थना ज्यांच्या घरी होते त्यांनी प्रार्थनेच्या आधी प्रत्येकाला आजचा दिवस कसा गेला ते सांगू द्यायचं, लहानातल्या लहानाला पण, आणि मध्ये कुणी सुधारणा करायची नाही. "मग तू बाईंना उलट का बोललास?" हे त्या वेळी नको, ते नंतर एकट्याला विचारता येतं. पोरं एकदा का शिकली की खरं सांगितलं की बोलणी बसतात, मग ती "काही नाही, बरा गेला" एवढंच सांगतात आणि तेच वर्षानुवर्षं चालतं.

कॉलेजला गेलेला मुलगा म्हणतो मला देवावर विश्वास ठेवावा असं वाटत नाही. हे पण ऐकून घ्यायचं?

हे तर सगळ्यात आधी ऐकून घ्यायचं. आईबापाच्या पोटात गोळा येतो, मला कळतंय, पिढ्यानपिढ्या विश्वासातलं घर आणि पोरगं असं बोलतं. पण त्याने सांगितलं म्हणजे त्याला अजून तुमच्याशी बोलायचंय. गप्प राहून रविवारी चर्चला येऊन बसणारी, मनाने केव्हाच निघून गेलेली पोरं कितीतरी असतात.

लगेच पाळकसाहेबांना फोन लावू नका, रडून "आमच्या संस्कारात काय कमी पडलं" म्हणू नका. विचारा की हे कधीपासून वाटतंय, कशामुळं वाटायला लागलं. कधी विज्ञानाचा प्रश्न असतो, कधी आजीसाठी इतकी प्रार्थना केली आणि आजी गेली हा राग असतो, कधी मंडळीतल्या मोठ्या माणसांची भांडणं बघून मन उठलेलं असतं, तिन्हीला उत्तरं वेगळी आहेत आणि ऐकल्याशिवाय कुठलं ते कळणार नाही. स्तोत्र १३ किंवा ८८ वाचा, "प्रभू, कुठवर" असं देवाला विचारणारी माणसं बायबलमध्येच आहेत, आणि त्यांची तक्रार देवाने आपल्या पुस्तकात ठेवून दिलीय. थोमाला आठ दिवस शंका होती, बाकीच्या शिष्यांनी त्याला घरातून हाकललं नाही, म्हणूनच प्रभू आला तेव्हा तो तिथं होता (योहान २०).

सासूबाई एकच गोष्ट रोज सांगतात. किती वेळा ऐकायची?

सांगतील तितक्या वेळा. आणि एखादा नवीन प्रश्न विचारा, "तेव्हा मामंजी काय म्हणाले?" "त्या काळात चर्चला चालतच जायचा का तुम्ही?" तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने जाते आणि नवीन काहीतरी कळतं. अलीकडंच विसराळूपणा फार वाढला असेल, तारीख वार, घरचा रस्ता कळेना झाला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही म्हणतात, पण प्रार्थनेसाठी तर सांगावं लागतं ना?

नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यात जास्त विश्वास इथं मोडलेला आहे म्हणून स्पष्ट लिहितो. "अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी नवराबायकोचं पटत नाही" असा मेसेज प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे चहाडीच आहे, वर प्रार्थनेचं नाव घातलं म्हणून ती बदलत नाही. नीतिसूत्रे ११:१३ वाचा. लाइन बाजारात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कसबा बावड्यात पोचते, आपली ख्रिस्ती वस्ती लहान, अर्ध्या घरांत सोयरीक, नाव नाही सांगितलं तरी लोक ओळखतात.

नियम सोपा ठेवा. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा, ग्रुपवर प्रार्थनाविनंती टाकू का, काय शब्दांत टाकू. तो नको म्हणाला तर एकट्याने प्रार्थना करा, देवाला ग्रुप लागत नाही. स्वतःच्या बायकोला, नवऱ्याला सांगायचं का तेही आधीच विचारून घ्या, कारण "माझ्याकडनं बाहेर जात नाही" म्हणणारे निम्मे लोक घरी सांगतातच.

पण "कुणालाच सांगणार नाही" अशी शपथ ऐकायच्या आधी घेऊ नका. असं म्हणा की तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका नसेल तर माझ्याजवळच राहील. का ते पुढच्या दोन प्रश्नांत आहे.

एखादी बहीण सांगते नवरा मारतो. काय करायचं? सहन कर, प्रार्थना कर असंच सगळे सांगतात.

तसं सांगू नका. ती हे सांगायला किती दिवस धीर गोळा करत असेल, आणि आपण तिला परत त्याच घरात पाठवतोय. पहिलं, तिच्यावर विश्वास ठेवा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मंदिरात मनातल्या मनात रडून प्रार्थना करत होती, फक्त ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आलीय. तिने सांगितल्यावर मात्र त्याने तिचं ऐकलं, आपलं मत बदललं आणि तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला. मोठ्या पदावरच्या माणसाला हे जमलं पाहिजे.

मग विचारा, आत्ता घरी जायला भीती वाटते का, मुलं कुठं आहेत, माहेरी कुणाला माहिती आहे का. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं असेल तर ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षणाचा आणि घरात राहायचा हक्क मिळतो. काय करायचं हे तिने ठरवायचं, पण तिला रस्ते माहीत असले पाहिजेत. आणि तिला न विचारता नवऱ्याला बोलावून "समेट" लावायला बसू नका, त्या रात्री तिला जास्त मार बसू शकतो.

लहान मुलाने सांगितलं की कुणीतरी चुकीचा स्पर्श करतं, तर मग गुपित नाहीच. पोराला सांगा तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस, पुन्हापुन्हा खोदून विचारू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, करणारा माणूस मंडळीतला कितीही मोठा असला तरी. मुलांसाठी १०९८ आहे.

कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर?

थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकट्याला सोडू नका, घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगा, औषधं, कीटकनाशक असलं काही हाताशी असेल तर बाजूला करा, डॉक्टरकडं घेऊन जा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी मोफत नंबर २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. "आत्महत्या पाप आहे" हे त्या वेळी सांगू नका, त्याला ते माहिती असतं आणि त्याचंच ओझं वाढतं.

एलीया झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूतामार्फत भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि मग होरेबावर विचारलं, एलीया तू इथं काय करतोयस? त्याचं गाऱ्हाणं ऐकलं, नंतर तोच प्रश्न परत विचारला आणि तेच गाऱ्हाणं शब्दाला शब्द परत ऐकून घेतलं.

पुरुष माणसं बोलतच नाहीत. त्यांचं कसं ऐकायचं?

समोरासमोर खुर्ची टाकून "बोल भावा, काय टेन्शन आहे" म्हटलं तर कोण बोलणार. रंकाळ्याला एक चक्कर मारा, गाडी धुताना मदत करा, चहाच्या टपरीवर बाजूला बाजूला उभं राहा. डोळ्यात बघावं लागत नसलं की माणूस मोकळा होतो. अम्माऊसच्या वाटेवर येशूने हेच केलं, यरुशलेमपासून साधारण ११ किलोमीटरची वाट, दोघं उदास चाललेले, तो सोबत चालायला लागला आणि तुम्ही काय बोलताय असं विचारलं. त्यांनी उलट विचारलं की यरुशलेमात काय झालं ते तुला एकट्यालाच माहीत नाही का, तर म्हणाला, काय झालं? त्याच्यावरच तर सगळं घडलं होतं, तरी त्याने त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं, आम्हाला आशा होती इथपर्यंत ऐकलं, आणि त्यानंतर शास्त्र उलगडलं (लूक २४).

शेजारी हिंदू किंवा मुसलमान आहेत, ते मन मोकळं करतात तेव्हा सुवार्ता सांगायची संधी म्हणून बघायचं का?

संधी म्हणून ऐकलं तर त्यांना कळतं. माणूस दुःखात असताना त्याच्या दुःखाचा वापर करू नये, आपल्या बाजूनं कितीही चांगला हेतू असला तरी. तुमच्या विश्वासाबद्दल त्यांनी विचारलं तर जरूर, प्रेमाने, खरं सांगा. नाही विचारलं तर शेजारी म्हणून ऐका, डबा द्या, दवाखान्यात रात्री थांबा. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशू बोलला तेव्हा आधी तिच्याकडं पाणी मागितलं, म्हणजे तिच्याकडून काही घ्यायची तयारी दाखवली, आणि तिचे सगळे उलटसुलट प्रश्न ऐकून घेतले (योहान ४). अमेरिकन मिशनरी वाईल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले त्याआधी काही वर्षं नगरला राहून आलेले होते. परक्या माणसालाही इथल्या लोकांचं बोलणं आधी ऐकावं लागलं, आपण तर इथलेच.

मंडळीत कुणी पाळकांवर, कमिटीवर चिडलेला असेल तर त्याचं ऐकणं म्हणजे फितुरी नाही का?

प्रेषितांची कृत्ये ६ बघा. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतं. बारा प्रेषितांनी "कुरकुर करू नका" म्हटलं नाही, ऐकलं, सगळ्यांना बोलावलं आणि सात जणांना नेमलं. तक्रारीत तथ्य होतं म्हणून व्यवस्था बदलली. तुमच्याकडं कुणी चिडून आला तर ऐका, पण त्याला विचारा की हे तू त्यांच्याशी बोललास का, मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात. सोबत जायची तयारी दाखवा. नुसतं ऐकून तिखटमीठ लावत बसलात तर गट पडतो.

ऐकून ऐकून मीच थकून गेलोय. नाही म्हणणं ख्रिस्ताला धरून आहे का?

आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद ऐकत बसायचा आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला, तू करतोस ते बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण, हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही (निर्गम १८). मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमली. प्रभू स्वतः पहाटे उठून एकांतात जायचा, लोक शोधत होते तरी (मार्क १:३५).

रात्री अकराला फोन आला आणि जीव जायची गोष्ट नसेल तर "आत्ता माझं नीट लक्ष लागणार नाही, उद्या सहाला येतो" म्हणा, आणि सहाला जा. अर्धवट ऐकण्यापेक्षा हे बरं. दोन तास तेच तेच बोलणारा कुणी असेल तर सुरुवातीलाच वेळ सांगा. पाळकांच्या बायकांना हे मुद्दाम सांगतोय, मंडळीतलं प्रत्येक घर तुमच्याकडं येतं आणि तुमचं ऐकायला मंडळीबाहेरची एखादी मैत्रीण लागते, ती ठेवा.

दवाखान्यात भेटायला गेल्यावर किती वेळ थांबायचं, काय बोलायचं?

दहापंधरा मिनिटं. डॉक्टरांची राउंड, जेवणाची वेळ टाळा. पलंगाच्या कडेला उभं राहून वरून बोलू नका, स्टूल घ्या, पेशंटच्या डोळ्याच्या पातळीला बसा. आजाराचं नाव, खर्च, कुठल्या डॉक्टरने काय चुकवलं, हे विषय तुम्ही काढू नका. पेशंट ज्या विषयावर बोलेल त्यावर बोला, कुस्तीवर बोलला तर कुस्तीवर. तो झोपला असेल तर उठवू नका. आणि बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको किंवा मुलगी आहे, रात्रभर जागलेली, तिला खाली चहाला घेऊन जा आणि तिला विचारा की तू कशी आहेस, कारण दिवसभरात आलेल्या सगळ्यांनी तिला फक्त पेशंट कसा आहे एवढंच विचारलेलं असतं.